हिवसे काकूंचा सभात्याग

देशपांड्यांच्या मुलीचं लग्न होतं. अंतरपाट धरलेला, दोन्हीकडचे मामा घामाघूम, शेवटचं मंगलाष्टक सुरू, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला आणि खणखणीत आवाज आला, "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदय!"

गुरुजी जागीच थांबले. मामांच्या हातातला अंतरपाट थरथरला. हिवसे सर उभे राहिले, जाकिटाची खालची बाजू ओढून नीट केली आणि म्हणाले, "सभागृहात मुख्य विषय विचाराधीन आहे. अन् मागच्या बाजूनं पंगत बसवून राहिले! हे प्रथेले धरून आहे काय, याचा खुलासा व्हावा."

सगळा मांडव मागे वळला. खरोखरच मागच्या बाजूला नवरदेवाकडची निम्मी मंडळी पानांवर बसलेली होती. एकाच्या हातात जिलबी होती, ती तोंडाजवळ नेऊन तो तसाच थांबला. गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी अध्यक्ष महोदय म्हटलं होतं. त्यांनी जरा विचार केला, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "हरकत मान्य. पंगत तहकूब." मग सर खाली बसले आणि लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी हसून हसून खाली बसायच्या बेतात होती. पुढे कुणी विचारलं की देशपांडे सांगायचे, "आमच्या पोरीचं लग्न हिवसे सरांच्या मंजुरीनं झालं."

प्रा. त्र्यंबकराव हिवसे हे आमचे शेजारी. मूळचे तेल्हाऱ्याचे, पण सारी हयात अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. मधली पाच वर्षं ते आमदार होते. ती पाच वर्षं संपून आता जमाना झाला, पण ती सरांच्या अंगातून काही उतरली नाहीत. आमच्या दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून मी गेली वीसएक वर्षं महाराष्ट्राच्या विधानसभेचं कामकाज ऐकत आले आहे.

मी दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा, पण सरांच्या बाबतीत अडचण उलटी होती. एकदा त्यांची दाढ काढायची होती. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "सर, दुखलं तर हात वर करा." तोंडात आरसा, कापूस, नळी असं सगळं कोंबून मी काम सुरू केलं आणि सरांनी हात वर केला. मी घाबरून सगळं बाहेर काढलं. "दुखतंय का?"

"नाही. औचित्याचा मुद्दा आहे. तुमच्या भिंतीवर दातांचं जे चित्र लावलं आहे, त्यात वरच्या बाजूले एक दात जास्त आहे."

असं त्या दिवशी बरेच वेळा झालं. शेवटी मीच सांगितलं, "सर, माननीय सदस्यांनी कामकाज पूर्ण होईपर्यंत हात खाली ठेवावेत, असा माझा निर्णय आहे." अध्यक्षांचा निर्णय म्हटल्यावर सर एकदम गरीब झाले. दाढ निघाली. आणि ते चित्र मी नंतर निरखून पाहिलं, तर खरंच एक दात जास्त होता.

घरी रोज सकाळी चहाबरोबर प्रश्नोत्तरांचा तास असायचा. प्रश्न सरांचे, उत्तरं काकूंची. सुमनकाकू अकोल्याच्या, वकिलाच्या घरातल्या, बोलायला चोख. विधानसभेतल्या प्रश्नांचा एक ठरलेला साचा असतो, तो सरांनी जसाच्या तसा स्वयंपाकघराला लावला होता.

"सन्माननीय सदस्यांनी खुलासा करावा. एक, काल रात्रीच्या वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं, ही बाब खरी आहे काय? दोन, असल्यास, त्याची कारणे काय? तीन, यापुढे असं होऊ नये म्हणून कोणती उपाययोजना करण्यात येत आहे?"

आतून काकूंचा आवाज यायचा, "एक, होय, हे खरं आहे. दोन, मी हळदीकुंकवाले गेली होती अन् भाजी तुमीच केली होती. तीन, प्रश्न उद्भवत नाही."

यावर सर उपप्रश्न विचारायचे. उपप्रश्न फारच वाढले की काकू भांडी जरा जोरात घासायला घ्यायच्या आणि तास संपायचा.

अर्थशास्त्राचंही तसंच. पुस्तकात जे आहे ते अमरावतीत घडलंच पाहिजे, असा सरांचा आग्रह. एकदा त्यांनी घटत्या उपयोगितेचा नियम शिकवायला अख्खा वर्ग गिल्या वड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याच्या, गाडीवर नेला. पहिल्या वड्याने जेवढं समाधान मिळतं तेवढं दुसऱ्याने मिळत नाही, तिसऱ्याने त्याहून कमी, असा तो नियम. मुलं वह्या उघडून उभी. सर एकेक वडा खात आणि समाधान किती झालं ते सांगत. गंमत अशी की समाधान कमीच होईना. दही संपलं, वडे संपले, गाडीवाल्याने हात जोडले. सरांनी रुमालाने मिशा पुसल्या आणि मुलांना सांगितलं, "नियम बरोबर आहे. गिला वडा अपवाद आहे. लिहून घ्या." त्या वर्षी परीक्षेत बऱ्याच मुलांनी हे लिहिलं आणि सरांनी सगळ्यांना मार्क दिले.

असा माणूस आमदार कसा झाला, हे तुम्ही विचाराल. झाला, कारण दोन मोठे पुढारी एका तिकिटावरून हट्टाला पेटले होते. पहिला म्हणाला, त्याला देण्यापेक्षा त्या हिवसे मास्तरला द्या. दुसराही नेमकं हेच म्हणाला. आणि पक्षाने खरंच दिलं. प्रचाराला गावोगावचे विद्यार्थी धावून आले. त्यात सरांनी नापास केलेल्यांचा उत्साह काही औरच होता. सर एकदा मुंबईला गेले की आपले पेपर दुसरं कुणीतरी तपासेल, या आशेने त्या पोरांनी तिवशापर्यंतच्या भिंती रंगवल्या. सर निवडून आले.

पुढच्या खेपेला पडले. एका गावाने पूल मागितला. दुसरा कुठलाही उमेदवार "झाला समजा" म्हणून नारळ फोडून मोकळा झाला असता. सरांनी शाळेतून फळा मागवला. पूल केला तर दवाखाना राहील, दवाखाना केला तर शाळेचं छप्पर राहील, एक वस्तू घेतली की दुसरी सोडावी लागते, आणि जी सोडली तीच घेतलेल्या वस्तूची खरी किंमत, असं दीड तास आकृत्या काढून समजावलं. गावाने मन लावून ऐकलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा मला नंतर म्हणाले, "असं कोणीच समजावून सांगत नाई बाप्पा, लय हुशार माणूस." मग गावाने पूल देतो म्हणणाऱ्याला मतं दिली.

यानंतर वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, घरात दोघंच राहिली. आणि गेल्या हिवाळ्यात सरांची पंच्याहत्तरी आली.

माजी विद्यार्थ्यांनी मोठा हॉल घेतला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं साग्रसंगीत. पहिल्या रांगेत काकू ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून बसल्या होत्या, शेजारी मी. सत्काराला उत्तर द्यायला सर उभे राहिले. राज्याच्या अर्थव्यवस्थेपासून सुरुवात केली, विदर्भाच्या अनुशेषावर आले, आणि टाळ्या पडत गेल्या तसतसे त्यांचे डोळे चमकायला लागले. शेवटी टेबलावर मूठ आपटून त्यांनी सांगून टाकलं, "अन् म्हणून, मित्रहो, येत्या निवडणुकीले मी पुन्हा उभा राहून राहिलो!"

हॉलने कडकडून टाळ्या वाजवल्या. तसा हॉल मघापासून सगळ्यालाच टाळ्या वाजवत होता. चहा तयार आहे या सूचनेलाही वाजवल्या होत्या. मी काकूंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे प्रश्नोत्तरं झाली नाहीत. काकू पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "मी अकोल्याले चालली, आबाकडं. त्याहिले सांगजो, उभं राहाचं असन तं खुशाल राहा. पण मंग मी या घरात राहात नाई. नाव मागं घेतलं की येतो." आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मी "अहो काकू, पण" म्हणेपर्यंत त्या रिक्षात बसल्या होत्या.

मी निरोप पोचवला. मला वाटलं होतं, सर हादरतील. सरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं, "सभात्याग आहे. विरोधी पक्षाचा अधिकारच आहे तो. सभात्याग केलेल्या सदस्यांले बोलवाले जायचं नसते, डॉक्टर. ते चहाच्या वेळेपर्यंत आपणहून परत येतात. प्रथा आहे तशी."

चहाची वेळ झाली. काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या चहालाही आल्या नाहीत. आठवडा गेला. मी काकूंना फोन केला तर त्या माझ्या दवाखान्याची, मुलांची चौकशी करत आणि सरांचा विषय निघाला की "बरं, ठेवतो, कुकर लावला" म्हणत. सर मात्र प्रथेवर ठाम. मी फोन लावून देते म्हटलं तर म्हणत, "सत्ताधारी पक्ष पहिले बोलत नसते." मला तर त्या दिवसांत दोघांचेही कान धरावेसे वाटत होते.

सरांनी प्रचाराची तयारी सुरू केली. मांडववाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून अंगणात ओळीने लावल्या. मोठं पातेलं भरून चहा करून ठेवला. जाकीट घालून ते मधल्या खुर्चीवर बसले आणि फाटकाकडे पाहत राहिले. पहिल्या दिवशी दूधवाला आला. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला, तो पत्ता विचारायला. सरांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि पाऊण तास बेरोजगारीवर बोलले. तो बिचारा पोटावर बॅग धरून ऐकत होता. जाताना म्हणाला, "सर, मी चिखलदऱ्याचा आहे. माहं मत इकडं नाही." तरी सरांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं.

ज्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी फोनवर शुभेच्छा दिल्या. या म्हटलं तर कुणाचं पुण्याला काम होतं, कुणाकडे पाहुणे होते. मग मीच दवाखाना संपवून तिथे जाऊन बसायला लागले. तो चहा औषधासारखा लागायचा, मी दोन-दोन कप घ्यायचे.

एका सकाळी मी ब्रश करत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "पोह्यात मोहरी कच्ची राहिली, ही बाब खरी आहे काय?"

मला आनंद झाला. काकू आल्या! मी तशीच भिंतीशी धावले. सर एकटेच ओट्यावर बशी घेऊन बसले होते. थोडं थांबून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "होय, हे खरं आहे." पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. बशीकडे पाहत बसून राहिले. मी तोंडात फेस घेऊनच म्हटलं, "सर, आज रविवार आहे. अकोल्याला जायचं का?"

"चर्चेसाठी जाले हरकत नाही," सर म्हणाले. "चर्चेची प्रथा आहे." आणि पोहे तसेच टाकून ते जाकीट घालायला आत पळाले.

बडनेरा सोडल्यापासून सरांनी भाषणाची तालीम सुरू केली. "पहिले मी भूमिका मांडतो. मंग त्या मुद्दे मांडतील. मंग मी उत्तर देतो." मूर्तिजापूरला मी चहासाठी गाडी थांबवली तर उतरायला तयार नाहीत. बोरगावच्या पुढे गेल्यावर मात्र तालीम बंद पडली. जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, त्या रागावल्या आहेत का हो?" इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. मी म्हटलं, "ते तुम्ही त्यांनाच विचारा."

अकोल्याला आबा वकिलांनी दार उघडलं. ऐंशी ओलांडलेले, पण मेहुण्याला पाहून त्यांचा चेहरा खुलला. आत खुर्चीवर ताठ बसत ते म्हणाले, "या, आमदार! बोला, सभागृह तुमचं आहे." सर हसले नाहीत. "ती कोठी आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. आबांनी मागच्या दाराकडे बोट केलं.

मागच्या पडवीत काकू तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन सोलत बसल्या होत्या. पुढ्यात दाण्यांचं भांडं. सर दारात उभे राहिले. मी त्यांच्या मागे, अवघडून. काकूंनी वर पाहिलं, पुन्हा शेंग हातात घेतली.

सरांनी जाकीट ओढलं. "सन्माननीय सदस्या रागावल्या आहेत, ही बाब खरी आहे काय?"

"खरी आहे."

"असल्यास, कारणे काय?"

"ते मंग सांगतो. पहिले तुमी सांगा. तुमाले काहून पाह्यजे पुन्हा आमदारकी?"

झालं. सरांना विषय मिळाला. अनुशेष, सिंचन, कापसाचा भाव, विद्यापीठाचा निधी, एकेक बोट मोडत ते बोलत गेले. काकू सोलत राहिल्या. ऐकणारी एवढी शांत बाई समोर असल्यावर सरांचा आवाज आपोआप खाली आला. कापसावर परत आले, मग थांबले. हात खाली घेतले.

"लोक येत होते वं घरी," सर म्हणाले. "सकाळपासून येत होते. अंगणात पाय ठेवाले जागा नसे. आता कोणीच येत नाई. मी पंधरा दिवस फाटकाकडं पाहात बसलो. घरात कसं सारं रिकामं रिकामं वाटते."

मला त्या पाच वर्षांतलं त्यांचं अंगण आठवलं. मी तेव्हा नवी नवरी होते आणि त्या चपलांच्या ढिगाकडे पाहून मला वाटायचं, यांच्याकडे रोज काहीतरी कार्य असतं. सर बहुतेक वेळ मुंबईतच असायचे. तरीही लोक येऊन बसायचे, कुणाची बदली, कुणाची ॲडमिशन, कुणाचा मुलगा दवाखान्यात. सगळ्यांना चहा देणाऱ्या काकूंशी मी तेव्हा धड बोलल्याचंही मला आठवत नाही. त्यांना वेळच नसायचा.

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"ते गर्दी तुमाले आठवते. मले बी आठवते. घर भरून राहे, अन् मी त्यात एकटी. तुमी मुंबईले. आले की लोकांत. पाच वर्षांत माह्यासंगं बसून एक कप चहा नाई घेतला तुमी. मंग पडले." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "तुमी पडले त्या दिवशी सारे रडत होते. मी देवापुढं साखर ठेवली. तुमाले नाई सांगितलं कधी. तवापासून रोज सकाळी समोर बसता, मीठ कमी म्हणता, मोहरी कच्ची म्हणता, मले बरं वाटते. घर तुमाले रिकामं वाटते न? मी तं घरातच होती."

मी सरांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं, माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीवर तोंडात नळी असतानासुद्धा नाही. मी उगाच अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहू लागले.

"मले वाटलं," सर शेवटी म्हणाले, "तुले गर्दी आवडत होती."

"तुमी विचारलं का कधी?"

सरांनी मान हलवली. नाही. मग दाराच्या चौकटीला धरून, गुडघ्यांचा कडकड आवाज करत ते खाली बसले, काकूंच्या शेजारी, फरशीवर. जाकीट चुरगळलं. "मंग आता मी काय करू?" त्यांनी विचारलं. अगदी साधं, घरात विचारतात तसं.

काकूंनी टोपली दोघांच्या मधे सरकवली. "शेंगा सोला."

मी आत जाऊन आबांजवळ बसले. ते दाराकडे कान लावून होते. त्यांनी खुणेनेच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "सोलतायत." दारातून पडवी दिसत होती. सरांना शेंगा सोलता येत नव्हत्या. ते दाणे टोपलीत टाकत होते आणि टरफलं भांड्यात. काकू ती टरफलं वेचून बाजूला टाकत होत्या आणि नवी शेंग त्यांच्या हातात देत होत्या. ऊन पडवीच्या पायरीवर आलं होतं, टोपली अजून अर्धी भरलेली होती, आणि निघायची घाई त्या दोघांत कुणालाच नव्हती.